विश्लेषण : धनुष्यावरचा ‘पाउंड’ म्हणजे नेमकं काय? मुलांसाठी किती घ्यायचा आणि क्रॉसबोच्या नादी का लागू नये?

मका कणसात आला की गंगापूर तालुक्यात रात्रीची राखण सुरू होते. रोही येतात, रानडुकरं येतात आणि एका रात्रीत अर्धा एकर आडवा करून जातात. राखणीला बसलेल्याच्या हातात बॅटरीसोबत मोबाइलही असतो. त्या मोबाइलवर कधीतरी एक रील येतं. झाडाच्या रंगाचे कपडे घातलेला परदेशी माणूस, खांद्याला बंदुकीसारखं लावलेलं धनुष्य, एक ‘टक्’ आवाज आणि पलीकडे जागेवर कोसळलेलं रानडुक्कर. खाली आकडा असतो, ‘१७५ पाउंड’. तिथून सर्च सुरू होतो: क्रॉसबो किंमत, क्रॉसबोला लायसन्स लागतं का, किती पाउंडचा घ्यावा.

दुसऱ्या घरात सर्च वेगळा असतो. शाळेतल्या पोरीला धनुर्विद्या शिकायची आहे. साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, हे तिने पाहिलेलं असतं. वडील ऑनलाइन धनुष्य शोधतात आणि तिथेही तोच शब्द समोर येतो. २० पाउंड, ३० पाउंड, ४० पाउंड. किमतीत फार फरक नसतो. मग आपल्या स्वभावाप्रमाणे आपण म्हणतो, जरा जास्तीचंच घेऊ, पुढे उपयोगी पडेल.

दोन्ही घरांत चूक होण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्या घरात थेट गुन्हा दाखल होऊ शकतो. दुसऱ्या घरात पैसे वाया जातात आणि पोरीचा खांदा दुखावतो. म्हणून हा आकडा आधी नीट समजून घेऊ.

‘पाउंड’ म्हणजे काय?

धनुष्यावर लिहिलेले पाउंड हे धनुष्याचं वजन नसतं. दोरी पूर्ण मागे ओढून धरायला हाताला किती जोर लावावा लागतो, याचं ते माप आहे. खेळात त्याला ‘ड्रॉ वेट’ म्हणतात. एक पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. त्यामुळे २० पाउंडचं धनुष्य म्हणजे ९ किलो, ३० पाउंडचं साडेतेरा किलो आणि ४४ पाउंडचं जवळजवळ २० किलो.

२० किलो म्हणजे किती, हे प्रत्येक घराला माहीत आहे. पाण्याचा भरलेला जार. तो जार खांद्यावर टाकून जिना चढणारे खूप आहेत. पण तोच जार तीन बोटांच्या पेरांवर अडकवा, कोपर मागे नेत हनुवटीपर्यंत ओढा, तिथे काही सेकंद हात न थरथरता धरा, त्याच वेळी ७० मीटरवरच्या पिवळ्या ठिपक्यावर नजर ठेवा. आणि हे ७२ वेळा करा. ऑलिंपिक प्रकारच्या धनुष्याने खेळणाऱ्या वरिष्ठ खेळाडूला पात्रता फेरीत ७२ बाण मारावे लागतात. ४० पाउंड धरले तरी एका फेरीत खेचलेलं एकूण वजन १,३०० किलोच्या आसपास जातं. सरावाच्या दिवशी बाणांची संख्या याहून बरीच जास्त असते.

म्हणजे ‘एकदा ओढता येतं’ आणि ‘पेलवतं’ यात फार मोठं अंतर आहे. दुकानात उभं राहून एकदा ओढलेलं धनुष्य सगळ्यांनाच हलकं वाटतं.

आणखी एक बारकावा दुकानदार बहुतेक वेळा सांगत नाही. रिकर्व्ह धनुष्यावर छापलेला आकडा दोरी २८ इंच ओढली तरच खरा असतो. तुमचे हात आखूड असतील तर तुम्ही तेवढं ओढतच नाही. मध्यम ताकदीच्या धनुष्यात प्रत्येक इंचाला साधारण दोन पाउंडचा फरक पडतो, हलक्या धनुष्यात त्याहून कमी. त्यामुळे २८ पाउंड छापलेलं धनुष्य २६ इंच ओढणाऱ्याच्या हातात सुमारे २४ चंच असतं. उलट उंच मुलगा ३० इंच ओढत असेल तर त्याच्या बोटांवर ३२ येतात. एकच धनुष्य दोन भावांना वेगळं लागतं ते यामुळेच.

आपली ओढ किती, हे घरी मोजता येतं. दोन्ही हात आडवे पसरून भिंतीला टेकून उभं राहायचं, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत सेंटीमीटर मोजायचे आणि अडीचने भागायचं. १६५ सेंटीमीटर आले तर ६६, म्हणजे २६ इंच. हा अंदाज आहे, पण पहिल्या खरेदीला पुरेसा आहे.

मग क्रॉसबोवर थेट १५०-१७५ कसे?

क्रॉसबो म्हणजे दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी मागे ओढून खटक्यात अडकवायची, खाचेत आखूड बाण ठेवायचा आणि बंदुकीसारखा ट्रिगर दाबायचा. दोरी धरून ठेवण्याचं काम हाताऐवजी खटका करतो, त्यामुळे ताकद वाढवायला जागा मिळते. पण हा मोठा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही.

वाळूजच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना स्प्रिंग काही नवी नाही. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा नुसत्या जोरावर ठरत नाही. तो जोर किती अंतरभर लावला, हेही मोजावं लागतं. हातातल्या धनुष्याची दोरी साधारण १९ इंच मागे येते. क्रॉसबोची ११ ते १३ इंच. ढोबळ हिशेब केला तर १५० पाउंडच्या क्रॉसबोचा जोर ४० पाउंडच्या धनुष्याच्या पावणेचार पट, पण साठलेली ऊर्जा सव्वादोन ते अडीच पट. जाहिरातीत अर्थातच पावणेचार पटवाला आकडा ठळक असतो.

ही दोरी चढवायची कशी, हा पुढचा प्रश्न. १५० पाउंड म्हणजे ६८ किलो. पुढच्या रिकिबीत पाय अडकवून, कमरेत वाकून ६८ किलो दोन्ही हातांनी सारखे वर ओढायचे. हात किंचित कमीजास्त झाले की दोरी तिरकी बसते आणि बाण भलतीकडे जातो. त्यासाठी कप्पी लावलेली दोरी मिळते, तिने जोर निम्म्यावर म्हणजे ३४ किलोच्या आसपास येतो. त्याहून सोपं हवं असेल तर हँडल फिरवून चढवायचं यंत्र. जिथे क्रॉसबोने शिकार कायदेशीर आहे तिथले जाणकार नवशिक्याला हेच सांगतात: सगळ्यात मोठा आकडा शोधू नका, यंत्राशिवाय किंवा साध्या दोरीने दमछाक न होता चढवता येईल तोच घ्या. अमेरिकेतल्या काही राज्यांत शिकारीसाठी किमान १२५ पाउंडची अट आहे. १७५ चा सोस बहुतेक वेळा हौसेचा असतो.

आणि चढवलेला क्रॉसबो खाली ठेवून चहा प्यायला जाता येत नाही. दोरीच्या वाटेत अंगठा आला तर सुटणारी दोरी तो फोडते. बाण न लावता ट्रिगर दाबला तर सगळी ऊर्जा धनुष्याच्या पात्यांत परत जाते आणि पाती तडकू शकतात. बाण चुकला तर काही शे मीटर जातो. गोळीसारखा आवाज होत नाही, त्यामुळे पलीकडच्या वावरात पाणी भरणाऱ्याला काही कळतही नाही.

रोही-रानडुकरांवर क्रॉसबो चालवता येईल का?

नाही. यात ‘पण’ जवळपास नाहीच.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळी, फास, विष, सापळे हे सगळं नाव घेऊन लिहिलेलं आहे. ‘बंदूक नाही, बाण आहे’ हा बचाव तिथेच संपतो. ‘शिकार’ या शब्दात मारणं येतंच, पण पकडणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं आणि यापैकी कशाचाही प्रयत्न करणं हेसुद्धा येतं. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा झालेला असतो.

२०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. रोही आणि रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये आहेत. काळवीट, चिंकारा आणि मोर अनुसूची एकमध्ये. अनुसूची दोनमधल्या प्राण्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची एकसाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. रात्री टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे रोह्याचे आहेत की काळविटाचे, हे ओळखण्यात चूक झाली की शिक्षेची कलमंच बदलतात.

तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आणि नाथसागराचा फुगवटा आहे. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ पासून आहे. अभयारण्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाणं हाच गुन्हा आहे, मग ते वापरलं असो वा नसो. मासे मारायला किंवा पाणकोंबडीसाठी ‘छोटा क्रॉसबो’ नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कायद्यात एक अरुंद वाट आहे. अनुसूची दोनमधला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. आदेश आधी, कारवाई नंतर. आणि त्या आदेशानुसार मारलेल्या प्राण्याचं शवही सरकारी मालमत्ताच असते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी शेताच्या प्रश्नावर हा उपाय लागू पडत नाही. गोळीच्या धक्क्याने प्राणी कोसळतो, बाणाने तो रक्तस्रावाने मरतो. त्यामुळे नेम अगदी फुफ्फुसा-हृदयाच्या जागी बसला तरी प्राणी धावत सुटतो. नेम हुकून पोटात किंवा मांडीत बाण बसला तर तो दिवसेंदिवस तडफडतो. रीलमध्ये हा भाग कापलेला असतो. जखमी रानडुक्कर ज्याने उसात समोरासमोर पाहिलंय, त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

मग काय करायचं? पिकाचं नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा आणि वन विभागाला कळवा. नियमानुसार तीन दिवसांच्या आत कळवणं अपेक्षित आहे. दावे बाद होतात ते बहुतेक याच उशिरामुळे, ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हटल्यामुळे. वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे. सातबारा, बँक पासबुक आणि पंचनामा ही कागदं लागतातच. भरपाईतून झालेला खर्च भरून निघतो का, असं कुणी विचारलं तर शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पण क्रॉसबोने तो खर्च वाढतो. सौर कुंपणाचं झटका मशीन हा दुसरा मार्ग. तारेत घरातली थेट वीज मात्र कधीच सोडू नका, त्यात माणसं मरतात.

घरात शोभेसाठी, हौसेसाठी ठेवला तर?

विक्रेता लिहितो, ‘नो लायसन्स रिक्वायर्ड’. या ओळीवर विसंबू नका. शस्त्र कायदा १९५९ मधली ‘शस्त्रा’ची व्याख्या बरीच रुंद आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेल्या कोणत्याही वस्तूचा तीत विचार होतो. शेती-घरकामाच्या वस्तू आणि निव्वळ खेळणी तेवढी बाहेर ठेवली आहेत. शिवाय सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली आदेश निघतात. ‘जमावबंदी लागू’ ही बातमी आपण दर काही दिवसांनी वाचतो, ती हीच. त्या काळात इजा करू शकणारी वस्तू सार्वजनिक जागी बाळगणं महागात पडतं. घ्यायचाच असेल तर पैसे भरण्याआधी मॉडेलचं नाव आणि पाउंड लिहून पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. उत्तर लेखीच घ्या.

जिथे क्रॉसबो सर्रास मिळतो तिथेही मोकळीक नाही. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालच्या कुणालाही क्रॉसबो विकता येत नाही, त्यातून फक्त १.४ किलोपेक्षा कमी ओढ असलेली खेळणी वगळली आहेत. त्या देशात क्रॉसबोने शिकारीलाही बंदी आहे.

खेळ म्हणून विचार केला तरी क्रॉसबो आपल्याकडे फारसं काही देत नाही. तो ऑलिंपिकमध्ये नाही, आशियाई स्पर्धांमध्ये नाही. शालेय धनुर्विद्या स्पर्धांमध्येही तो चालत नाही. पदक, प्रमाणपत्र, खेळाडू म्हणून मिळणारे गुण हे सगळं हाताने ओढायच्या धनुष्याकडे आहे. आणि त्यात महाराष्ट्र सध्या खरोखर पुढे आहे.

महाराष्ट्राची पोरं कोणतं धनुष्य वापरतात?

५ ऑगस्ट २०२३, बर्लिन. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन सुवर्ण मिळवलं. समोरच्या पोलंडच्या खेळाडूचे १४९ होते. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले. त्याच वर्षी बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदकं आणली.

हे तिघं कंपाउंडचे खेळाडू. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण दोरी मागे आली की चाकं फिरून भार एकदम उतरतो. नियमानुसार स्पर्धेत कमाल ६० पाउंड चालतात. चाकांनी ७५ टक्के भार उतरवला तर नेम धरताना बोटांवर फक्त १५ पाउंड उरतात. म्हणून कंपाउंडवाला निवांत नेम धरताना दिसतो. निशाण ५० मीटरवर आणि मधला १० गुणांचा गोल ८ सेंटीमीटरचा.

रिकर्व्ह हे ऑलिंपिकचं धनुष्य. त्यात चाकं नाहीत, जितकं ओढाल तितका भार वाढत जातो. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव हे धनुष्य घेऊन टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला आणि पहिल्या फेरीत जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियन खेळाडूला ६-० ने हरवून गेला. आईवडील मजुरी करणारे. सरडे काही बागायती मुलूख नव्हे. मराठवाड्यातल्या वाचकाला ते गाव लगेच ओळखीचं वाटेल.

तिसरा प्रकार भारतीय पद्धतीच्या बांबूच्या धनुष्याचा. आपल्या जुन्या तीरकमठ्याचा हा स्पर्धेतला भाऊ. तो स्वस्त आहे, शालेय स्पर्धांमध्ये त्याचा वेगळा गट असतो आणि पोराला हा खेळ खरंच आवडतो का, हे चार-सहा महिन्यांत कमी पैशांत कळतं. माझं मत विचाराल तर तालुक्याच्या गावात सुरुवात याच धनुष्याने करावी. कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येते आहे, त्यामुळे पुढे तोही रस्ता उघडा आहे.

मुलांसाठी किती पाउंड?

नेमका आकडा प्रशिक्षकाने मुलाला बघूनच सांगावा. तरी खरेदीच्या वेळी फसू नये म्हणून रिकर्व्हचा साधारण अंदाज असा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बोटांवर १० ते १४ पाउंड पुरतात. तेरा-चौदाला १४ ते १८. मोठ्या मुलीला किंवा महिलेला सुरुवात १८ ते २४ ने, मोठ्या मुलाला किंवा पुरुषाला २० ते २८ ने. शेतात काम करून दंड कमावलेला गडीसुद्धा याच आकड्यापासून सुरू करतो, कारण पोतं उचलणारे स्नायू वेगळे आणि दोन खांद्यांच्या पात्यांमधले, धनुष्य ओढणारे स्नायू वेगळे.

हे आकडे बोटांवरचे आहेत, छापलेले नाहीत. बारा वर्षांच्या, हात पसरून १४५ सेंटीमीटर भरणाऱ्या मुलीची ओढ २३ इंचांच्या आसपास येते. तिच्या हातात २० पाउंड छापलेलं धनुष्य १३-१४ चंच असतं. म्हणून ‘२० म्हणजे जास्त होईल’ असं घाबरायचं कारण नाही, आणि ‘४० घेतलं तरी तिला कमीच लागेल’ असा उलटा हिशेबही करू नये.

जड धनुष्य ओळखायची खूण सोपी आहे. मुलाला धनुष्य समोर निशाणाच्या रेषेत धरायला सांगा आणि तिथूनच ओढायला सांगा. त्याने ओढताना धनुष्य आभाळाकडे उचललं, कंबरेतून मागे झुकला, धनुष्य धरलेला खांदा कानाकडे चढला किंवा दोरी हनुवटीपर्यंत आलीच नाही, तर ते धनुष्य त्याचं नाही. सगळं नीट झालं तर पूर्ण ओढून दहा सेकंद धरायला सांगा, मग दोरी हळूहळू परत आणायला सांगा. थोडी विश्रांती देऊन असं पाच-सहा वेळा. शेवटच्या वेळी हात थरथरत असेल तर दोन-चार पाउंड खाली या. ही परीक्षा घेताना दोरी सोडायची नाही. बाणाशिवाय सोडलेली दोरी क्रॉसबोसारखीच साध्या धनुष्यालाही तडा देते. दुकानात हौसेने ‘टंकार’ काढणारे काका आणि पाहुणे यांना आवरा.

कंपाउंड बघत असाल तर हीच परीक्षा खुर्चीवर बसून घ्या. पाय जमिनीवर टेकवून, अंगाला हिसका न देता दोरी मागे आली पाहिजे. मुलांसाठीचे अनेक कंपाउंड एकाच धनुष्यात बोल्ट फिरवून बरेच पाउंड कमीजास्त करता येतील असे येतात, ओढीची लांबीही बदलता येते. वाढत्या वयाला ते सोयीचं पडतं.

रिकर्व्हमध्ये ही सोय वेगळ्या रीतीने होते. चांगल्या रिकर्व्हचे तीन तुकडे असतात: मधली मूठ म्हणजे रायझर आणि वर-खाली लावायची दोन पाती. पात्यांना मैदानावर सगळे ‘लिंब’ म्हणतात. झाडाशी त्याचा संबंध नाही, इंग्रजीतून आलेला शब्द आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक पालक एकदा चमकतो. पाती बदलली की धनुष्याचे पाउंड बदलतात, रायझर तोच राहतो. म्हणून पैसे घालायचे तर रायझरवर घाला, पाती स्वस्त आणि हलकी घ्या. सहा-आठ महिन्यांनी पोरगं तयार झालं की तीच पाती पुढच्या मुलाला विकता येतात. चढवताना दोन-दोन पाउंड चढवा. एकदम २० वरून ३० वर उडी घेतली की महिनाभरात घडलेली शैली बिघडते, आणि शैली दुरुस्त करायला वर्ष जातं.

वाढत्या वयात याचा संबंध थेट शरीराशी आहे. किशोरवयात हाडांची टोकं अजून वाढत असतात. खांद्याच्या सांध्याभोवतीचे छोटे स्नायू जड धनुष्याने रोज ताणले तर दुखणं आधी रात्री जाणवतं, मग शाळेची बॅग उचलताना. ‘होईल सवय’ म्हणून ते झाकू नका. दुखलं की पाउंड कमी, बाण कमी.

धनुष्यासोबत काय घ्यायचं? दंडाला आर्म गार्ड, बोटांना टॅब आणि दोरी चढवायला स्ट्रिंगर. धनुष्य पायात अडकवून वाकवत दोरी चढवली की पाती पिळतात. बाण धनुष्याच्या पाउंडला जुळणाऱ्या लवचिकपणाचे लागतात, मित्राचे उसने बाण म्हणूनच नीट जात नाहीत. नवशिक्याचा बाण त्याच्या ओढीपेक्षा दोन-तीन इंच लांबच असावा. आखूड बाण जास्त ओढला गेला तर मुठीवरून मागे घसरतो आणि सोडताना हातात घुसतो. आणि हो, डावं की उजवं धनुष्य, हे लिहिण्याच्या हातापेक्षा डोळ्यावर ठरवा. दोन्ही हातांच्या मध्ये छोटी खिडकी करून दूरची एखादी वस्तू त्यातून बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने ती वस्तू जागेवर दिसते, तो तुमचा नेमाचा डोळा.

गंगापुरातून पुढे कुठे?

गच्चीवर सराव नको. गल्लीत नको. घराच्या मागच्या पडीक तुकड्यातही, पलीकडून पायवाट जात असेल तर नको. निशाणामागे मातीचा उंच बांध किंवा भक्कम भिंत हवी, बाजूने कुणी येणार नाही अशी मोकळी जागा हवी आणि बाण काढायला सगळ्यांनी एकत्रच जायचं. सुरुवातीचे कित्येक आठवडे पाच-दहा मीटरवरूनच मारायचं असतं, त्यामुळे मोठं मैदान नाही म्हणून अडत नाही.

प्रशिक्षण कुठे मिळेल, हे शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा आणि छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातही. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आणि विद्यापीठ परिसरातलं भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र ही जिल्ह्यातली दोन मोठी ठिकाणं. एकदा पोराला घेऊन जा, धनुष्य न घेता. तिथल्या मुलांच्या हातातली धनुष्यं बघा, त्यांना किती पाउंड ओढता म्हणून विचारा. प्रशिक्षकांना क्लबचं धनुष्य काही दिवस वापरायला मिळेल का, तेही विचारा. ऑनलाइन ऑर्डर त्यानंतर.

तोवर घरी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून द्या. ती धनुष्यासारखी धरून, आरशासमोर उभं राहून, खांदा न उचलता हनुवटीपर्यंत ओढायची आणि हळू परत न्यायची. रोज तीस-चाळीस वेळा. महिनाभर हे कंटाळा न करता झालं, तर मापाची टेप काढा आणि हात पसरून मोजा.